दहा हजारांच्या आतलं बक्षीसही करपात्र असतं: ऑनलाइन सोडती, छोटी बक्षिसं आणि आयकर

पाकिटावरचा कोड मेसेज केला आणि पाचशेचं व्हाउचर लागलं. एका अ‍ॅपच्या दिवाळी सोडतीत हेडफोन मिळाला. कुठेतरी पाच प्रश्नांची उत्तरं दिली आणि स्मार्टवॉच घरी आलं. अशा बक्षिसांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: दहा हजारांच्या आत आहे, म्हणजे कर नाही. हे वाक्य चुकीचं आहे, आणि छोट्या बक्षिसांच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक गोंधळाचं मूळ त्यातच आहे.

दहा हजारांची मर्यादा कायद्यात आहे, पण ती बक्षीस देणाऱ्यासाठी आहे. बक्षिसातून कर कापून सरकारकडे भरायचा की नाही, हे त्याने त्या मर्यादेवरून ठरवायचं असतं. बक्षीस घेणाऱ्याला करमाफी देणारी कोणतीही मर्यादा या उत्पन्नावर नाही. शंभर रुपये जिंकले तरी ते उत्पन्नच, आणि त्यावरचा दरही ठरलेला.

तिकीट घेतलंच नाही, मग लॉटरी कशी?

हा प्रश्न रास्त आहे. लॉटरी म्हटलं की तिकीट आलं, तिकिटाची किंमत आली. ऑनलाइन सोडतीत बहुतेक वेळा नाव, मोबाइल नंबर आणि ईमेल दिला की सहभाग होतो, खिशातून काही जात नाही. पूर्वी यावर वाद होत असत. २००१ च्या वित्त कायद्याने तो मिटवला. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २(२४) मध्ये उत्पन्नाची व्याख्या आहे. तिथे स्पष्टीकरण घालून सांगितलं गेलं की चिठ्ठ्या टाकून, नशिबाने किंवा अन्य कोणत्याही रीतीने, कोणत्याही नावाच्या योजनेखाली मिळालेलं बक्षीस लॉटरीतच मोजायचं. त्याच स्पष्टीकरणात टीव्हीवरच्या किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातल्या, लोक बक्षिसासाठी स्पर्धा करतात अशा कार्यक्रमांचाही समावेश केला. त्यामुळे ‘लकी ड्रॉ’, ‘गिव्हअवे’, ‘स्पिन द व्हील’, ‘मेगा क्विझ’ यांपैकी नाव काहीही असो, मिळालेलं बक्षीस याच कप्प्यात जातं.

‘ही तर कंपनीने दिलेली भेट आहे’ हा दुसरा नेहमीचा युक्तिवाद. पन्नास हजारांपर्यंतच्या भेटींवर कर नाही, हे खरं. पण योजनेत भाग घेतला, निवड झाली आणि म्हणून वस्तू मिळाली, तर ती भेट ठरत नाही. व्याख्येतले ‘कोणत्याही नावाच्या योजनेखाली’ हे शब्द नेमके इथे लागू पडतात.

कर नेमका किती

कलम ११५बीबी प्रमाणे सरसकट ३० टक्के, आणि त्या करावर ४ टक्के उपकर. म्हणजे एकूण ३१.२ टक्के. (सगळं मिळून उत्पन्न ५० लाखांवर असेल तर अधिभारही लागतो, पण तो विषय छोट्या बक्षिसांचा नाही.) पगारदाराचा एरवीचा स्लॅब ५ टक्क्यांचा असला तरी बक्षिसाच्या रकमेवर ३० टक्केच. नव्या करप्रणालीत चार लाखांपर्यंत आणि जुन्या प्रणालीत साठ वर्षांखालच्यांना अडीच लाखांपर्यंत जी मूळ सूट मिळते, ती या उत्पन्नाला लावता येत नाही. कलम ५८(४) मुळे खर्चाची वजावटही नाही. सोडतीत भाग घेण्यासाठी वीस पाकिटं विकत घेतली, इंटरनेटचा खर्च आला, बक्षीस आणायला प्रवास केला, यातलं काहीच वजा होत नाही. दुसरीकडचा तोटाही या रकमेतून वळता करता येत नाही.

एक हिशेब बघा. वर्षभरात ५०० चं व्हाउचर, २,००० रोख, ३,५०० चे हेडफोन आणि ७,००० चं घड्याळ मिळालं. एकूण १३,०००. एकाही वेळी कोणी कर कापला नाही, कारण प्रत्येक बक्षीस दहा हजारांच्या आतलं. तरी या १३,००० वर ३,९०० कर आणि १५६ उपकर, असे ४,०५६ रुपये रिटर्न भरताना स्वतःहून भरायचे असतात.

कापणारा कधी कापतो

कलम १९४बी प्रमाणे बक्षीस दहा हजारांच्या वर गेलं की आयोजकाने ३० टक्के कर मुळातच कापायचा, म्हणजे टीडीएस. ही मर्यादा मोजायची रीत गेल्या काही वर्षांत दोनदा बदलली, आणि त्यामुळे जुने लेख वाचून फसायला होतं. २०२३ च्या वित्त कायद्याने आर्थिक वर्षातल्या सगळ्या बक्षिसांची बेरीज धरायला सांगितलं. २०२५ च्या वित्त कायद्याने १ एप्रिल २०२५ पासून ते पुन्हा बदललं: आता प्रत्येक व्यवहार वेगळा मोजायचा. एकाच आयोजकाकडून नऊ-नऊ हजारांची तीन बक्षिसं वेगवेगळ्या वेळी मिळाली तर टीडीएस शून्य. कर मात्र सत्तावीस हजारांवर पूर्ण.

मर्यादा ओलांडली की कर पूर्ण रकमेवर कापला जातो, वरच्या भागावर नाही. दहा हजार नेमके असतील तर कपात नाही. अकरा हजार असतील तर ३,३०० कापून ७,७०० हातात.

निवासी भारतीयाच्या बक्षिसातून ३० टक्केच कापतात, उपकर कापत नाहीत. वीस हजारांच्या बक्षिसावर ६,००० कापले गेले, पण देय कर ६,२४०. उरलेले २४० तुमच्याकडून येणं असतं. टीडीएस कापला म्हणजे विषय संपला असं समजून हे बक्षीस रिटर्नमध्ये दाखवायचंच राहून जातं, आणि मग विभागाकडून नोटीस येते.

बँकेत ठेवीच्या व्याजासाठी आपण १५जी किंवा १५एच फॉर्म देतो, तसा इथे चालत नाही. कमी दराने कपात करण्याचा दाखलाही या कलमासाठी मिळत नाही. पॅन दिला नाही तर दर वाढत नाही, कारण तो आधीच जास्त आहे. पण कापलेला पैसा तुमच्या नावावर जमाच होत नाही आणि परतावा किंवा वळतं मिळायचा मार्ग बंद होतो. म्हणून दहा हजारांवरच्या बक्षिसाला पॅन मागितला तर तो द्यावा. पाचशेच्या व्हाउचरसाठी कोणी पॅन आणि आधार दोन्हींचे फोटो मागत असेल तर मात्र का मागतोय ते आधी विचारावं.

वस्तूच्या रूपातलं बक्षीस: इथे खरी गुंतागुंत आहे

रोख रकमेतून कापणं सोपं. फोनमधून तीस टक्के कसे कापणार? कायद्याने त्यावर उपाय दिला आहे: बक्षीस पूर्णपणे वस्तूरूपात असेल, किंवा सोबतची रोख रक्कम करासाठी पुरत नसेल, तर कर भरला गेल्याची खात्री झाल्याशिवाय आयोजकाने वस्तू सोडायची नाही. म्हणूनच चाळीस हजारांचा फोन जिंकल्यावर ‘आधी १२,००० रुपये भरा’ असा निरोप येतो. तो निरोप खरा असू शकतो. फसवणाऱ्यांनाही हेच ठाऊक असतं, म्हणून पुढचा भाग नीट वाचा.

हा कर तीन प्रकारे भरला जातो. सर्वांत रूढ पद्धत अशी की विजेता तीस टक्के रक्कम आयोजकाला देतो आणि आयोजक ती टीडीएस म्हणून सरकारात भरतो. दुसऱ्या प्रकारात विजेता आयकराच्या पोर्टलवर ‘ई-पे टॅक्स’ मध्ये जाऊन आगाऊ कर (प्रकार १००) स्वतः भरतो आणि चलनाची प्रत आयोजकाला देतो. यात पैसे कोणा तिसऱ्याच्या हातात जात नाहीत, पण आयोजकांना ही पद्धत त्यांच्या हिशेबासाठी गैरसोयीची वाटते आणि ते बऱ्याचदा नको म्हणतात. विचारून बघायला हरकत नाही. तिसऱ्या प्रकारात मोठा ब्रँड स्वतःच कर सोसतो. हे कानाला गोड लागतं, पण तुमच्या वतीने भरलेला करसुद्धा तुमच्या फायद्यातच धरला जाऊ शकतो. सत्तर हजारांची वस्तू मिळाली आणि फॉर्म २६एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराची नोंद) मध्ये एक लाखाचं बक्षीस व तीस हजारांचा टीडीएस दिसला, तर ती चूक नाही. रिटर्नमध्ये एक लाखच दाखवायचे आणि वर १,२०० उपकर भरायचा.

आता किंमत. वस्तूचं मोल बाजारभावाने धरायचं असतं, आणि पाकिटावर छापलेली किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे. समजा घड्याळावर २४,९९९ छापलंय आणि दुकानात तेच १६,००० ला मिळतंय. पहिल्या आकड्यावर कर सुमारे ७,८००, दुसऱ्यावर ४,९९२. फरक २,८०० च्या घरात. आयोजकाने ती वस्तू ज्या बिलाने खरेदी केली त्या बिलाची रक्कम धरावी, अशी लेखी विनंती पैसे भरण्याआधी करा. एकदा त्यांनी तिमाही विवरणात आकडा टाकला की तो बदलून घेणं फार जिकिरीचं होतं, कारण त्यांना दुरुस्ती विवरण भरावं लागतं आणि एका विजेत्यासाठी ते कष्ट कोणी घेत नाही.

वस्तू उपयोगाची नसेल तर सरळ नकार द्या. कर भरण्याआधी ईमेलवर ‘बक्षीस स्वीकारत नाही’ असं कळवलं आणि वस्तू घेतलीच नाही, तर उत्पन्नच झालं नाही. ज्या वस्तूला विकून पंधराशे रुपये येणार नाहीत तिच्यासाठी अडीच हजार कर भरण्यात शहाणपण नाही, आणि जिंकल्याच्या आनंदात लोक नेमकं हेच करतात.

खरा निरोप आणि खोटा निरोप

एक कसोटी कायम लक्षात ठेवा. रोख बक्षिसासाठी आधी पैसे कधीच भरावे लागत नाहीत. पंचवीस लाखांचं बक्षीस असेल तर आयोजक साडेसात लाख कापून उरलेले पाठवेल. तो तुमच्याकडे पंधरा हजार ‘टॅक्स’ मागणार नाही. केबीसीच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे लॉटरीचे मेसेज या एका कसोटीवर गळून पडतात.

वस्तूरूप बक्षिसात पैसे मागणं कायद्याला धरून असतं, म्हणून तिथे जास्त तपासावं लागतं. रक्कम नेमकी तीस टक्के आहे का? ‘प्रोसेसिंग फी’, ‘जीएसटी’, ‘कस्टम ड्युटी’, ‘विमा’ अशी नावं जोडली गेली की तो टीडीएस राहिला नाही. पैसे कंपनीच्या खात्यात जाणार आहेत की कोणा व्यक्तीच्या यूपीआय नंबरवर? आयोजकाचा टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक, मागा: चार अक्षरं, पाच अंक, एक अक्षर, अशी त्याची रचना असते. आयकराच्या पोर्टलवर टॅन शोधण्याची सोय आहे आणि त्यावर कर कापणाऱ्याचं नाव दिसतं. ते नाव ब्रँडचं नसून एखाद्या जाहिरात किंवा इव्हेंट एजन्सीचं असू शकतं, त्यात वावगं काही नाही. स्पर्धेच्या नियमावलीत त्या एजन्सीचा उल्लेख आहे का, ते पाहायचं. आणि पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगा. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. पैसे पुढच्या खात्यांत पसरण्याआधी अडवता आले तरच काही हाती लागतं, म्हणून पहिले काही तास फार मोलाचे.

नियमावली वाचताना ‘तमिळनाडूत लागू नाही’ अशी ओळ दिसली तर बिचकू नका. तिथे १९७९ पासून बक्षीस योजनांवर बंदी घालणारा राज्याचा कायदा आहे, म्हणून पेमेंट अ‍ॅपसुद्धा स्क्रॅच कार्डाच्या अटींत ही ओळ घालतात. विजेत्यांची यादी दडवणं हेही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. निकाल कुठे जाहीर होणार हे नियमावलीत सापडत नसेल, तर त्या सोडतीत आपला मोबाइल नंबर देण्याआधी विचार करा.

नशीब की कौशल्य?

सगळीच बक्षिसं तीस टक्क्यांत जात नाहीत. परीक्षक नेमून कथा, छायाचित्र किंवा पाककृतीला पहिला क्रमांक दिला असेल, तर ते लॉटरीचं बक्षीस म्हणता येत नाही. पण म्हणून ते करमुक्तही होत नाही. एका मोटार रॅलीत कौशल्यावर मिळालेल्या बक्षिसाबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये म्हटलं की उत्पन्नाची व्याख्या व्यापक आहे आणि हे बक्षीस त्यात येतंच. फरक इतकाच की असं बक्षीस ‘इतर स्रोतांतलं उत्पन्न’ म्हणून तुमच्या नेहमीच्या स्लॅबने करपात्र ठरतं. कमी उत्पन्न असणाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे.

ओळखायचं कसं, तर नियमावलीतलं विजेता निवडीचं कलम वाचायचं. ‘सर्व अचूक उत्तरं देणाऱ्यांमधून सोडतीने विजेता निवडला जाईल’ असं लिहिलं असेल तर प्रश्न कितीही अवघड असोत, शेवटी चिठ्ठीच आहे. अ‍ॅपवरच्या थेट क्विझमध्ये निव्वळ ज्ञानावर जिंकलं तरी इलेक्ट्रॉनिक माध्यमातल्या स्पर्धात्मक कार्यक्रमाचं ते स्पष्टीकरण आडवं येतं आणि दर तीसच धरला जातो.

कॅशबॅकचं थोडं वेगळं आहे. हजाराच्या खरेदीवर प्रत्येकाला पन्नास परत मिळत असतील तर ती किमतीतली सूट झाली, उत्पन्न नव्हे. स्क्रॅच कार्डात कोणाला तीन रुपये आणि कोणाला तीनशे, असं नशिबाने ठरत असेल तर ते सोडतीच्या जवळ जातं. वर्षाची बेरीज भरण्यासारखी होत असेल तर ती दाखवणं आम्हाला जास्त सुरक्षित वाटतं.

ऑनलाइन गेममधली जिंकलेली रक्कम १ एप्रिल २०२३ पासून निराळ्या कलमांखाली आहे: १९४बीए आणि ११५बीबीजे. दर तोच, पण तिथे दहा हजारांची सवलत नाही. पैसे काढताना किंवा वर्षअखेरीला निव्वळ जिंकलेल्या रकमेवर कपात होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, त्यामुळे हा विषय आता मुख्यतः आधीच्या काळातल्या हिशेबापुरता उरतो. दुकानदाराला कंपनीच्या विक्री योजनेत किंवा इन्फ्लुएन्सरला कामाच्या ओघात मिळालेल्या वस्तू आणखी वेगळ्या. त्यांना कलम १९४आर लागतं, म्हणजे वर्षात वीस हजारांवर गेल्यास दहा टक्के टीडीएस, आणि ते धंद्याचं उत्पन्न असतं.

लहान मुलांच्या नावाने भाग घेतला तर? सोडतीत लागलेलं बक्षीस आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं. मुलाने स्वतःच्या कौशल्यावर, समजा चित्रकला स्पर्धेत, मिळवलेलं बक्षीस मात्र त्याचं स्वतःचं. मुलांच्या नावाने अर्ज केल्याने सोडतीवरचा कर वाचत नाही.

रिटर्न भरताना

पगारदार माणसाला इथे पहिला धक्का बसतो तो फॉर्मचा. वर्षानुवर्षं आयटीआर-१ भरत आलात, पण लॉटरी किंवा विशेष दराने कर लागणारं इतर स्रोतांतलं उत्पन्न असेल तर तो फॉर्म चालत नाही. पाचशेचं व्हाउचर असलं तरी आयटीआर-२. धंदा-व्यवसाय असेल तर आयटीआर-३, आणि अनुमानित नफ्याचा आयटीआर-४ सुद्धा नाही. २६एएस मध्ये १९४बी ची नोंद असताना आयटीआर-१ भरलं तर रिटर्न सदोष असल्याची नोटीस येऊ शकते. ती कलम १३९(९) ची असते आणि उत्तराला साधारणपणे पंधरा दिवस मिळतात.

आयटीआर-२ मध्ये ‘शेड्यूल ओएस’ उघडा. तिथे ११५बीबी खालच्या जिंकलेल्या रकमांसाठी स्वतंत्र ओळ आहे. तिच्यात कपातीपूर्वीची पूर्ण रक्कम लिहायची. सगळ्यांत जास्त चूक इथे होते: वीस हजारांचं बक्षीस, ६,००० कापले, खात्यात १४,००० आले, म्हणून माणूस १४,००० लिहितो. मग २६एएस शी आकडा जुळत नाही आणि संगणकच फरक काढतो. त्याच शेड्यूलच्या शेवटी तिमाहीवार तक्ता आहे, त्यात बक्षीस कोणत्या काळात मिळालं ते भरायचं (१५ जूनपर्यंत, मग १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च आणि ३१ मार्चपर्यंत). हा तक्ता रिकामा सोडू नका. आगाऊ कराच्या हप्त्यांवरचं व्याज त्यावरून ठरतं. बक्षीस जानेवारीत लागणार हे जूनमध्ये कोणालाच माहीत नसतं, म्हणून कायदा आधीच्या हप्त्यांसाठी व्याज लावत नाही. मात्र त्यानंतरच्या हप्त्यांत, किंवा हप्ता उरला नसेल तर ३१ मार्चपर्यंत, कर भरलेला असावा लागतो. टीडीएस वजा जाऊन वर्षाचा देय कर दहा हजारांच्या आत असेल तर आगाऊ कराची ही चिंता नाही.

टीडीएसच्या शेड्यूलमध्ये कापणाऱ्याचा टॅन, कापलेली रक्कम आणि त्या समोरचं पूर्ण उत्पन्न येतं, उत्पन्नाचा प्रकार ‘इतर स्रोत’ निवडायचा. उरलेला कर ‘ई-पे टॅक्स’ मधून स्व-निर्धारण कर (प्रकार ३००) म्हणून भरून चलनाचा तपशील टाकला की काम झालं.

टीडीएस कापला पण २६एएस मध्ये दिसत नाही, ही तक्रार फार येते. आयोजकाने कापलेला कर पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत भरायचा असतो (मार्चचा ३० एप्रिलपर्यंत), पण तुमच्या पॅनवर तो तिमाही विवरण भरल्यावरच उमटतो. त्या विवरणाच्या तारखा ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे. फेब्रुवारीत लागलेलं बक्षीस जूनच्या सुरुवातीला दिसलं तर ते वेळेवरच आहे. जूनच्या मध्यापर्यंतही दिसलं नाही तर आयोजकाकडे फॉर्म १६ए, म्हणजे टीडीएसचा दाखला, मागा. बहुतेक वेळा पॅनमधलं एक अक्षर चुकलेलं असतं. त्यासाठी जिंकल्याचा ईमेल, नियमावलीचा स्क्रीनशॉट, वस्तूची पावती आणि कर भरल्याचा पुरावा वर्षभर एका फोल्डरमध्ये ठेवा, कारण स्पर्धा संपली की तिचं पान काढून टाकलं जातं.

उत्पन्नच कमी असेल तर

शिकणारी मुलगी, गृहिणी, निवृत्त आजोबा: यांच्याकडे बाकी उत्पन्न नसतं आणि तीस हजारांच्या बक्षिसातून ९,००० कापले जातात. मूळ सूट इथे लागत नाही, हे वर सांगितलं. पण कलम ८७ए ची सवलत निराळी आहे, ती उत्पन्नातून नव्हे तर करातून मिळते. जुन्या करप्रणालीत निवासी व्यक्तीचं एकूण उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर १२,५०० पर्यंतचा कर माफ होतो, आणि त्या कलमात ११५बीबी चा कर वगळलेला नाही. म्हणजे ९,३६० चा पूर्ण कर माफ होऊन कापलेले ९,००० परत मागता येतात. नव्या प्रणालीत हे जमत नाही: बारा लाखांपर्यंत कर नाही ही तिथली सवलत आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून विशेष दराच्या उत्पन्नाला लागू नाही, असं कायद्यातच स्पष्ट केलं आहे.

पोर्टलवर नवी प्रणाली आपोआप निवडलेली असते, त्यामुळे जुनी मुद्दाम निवडावी लागते. ती निवड मुदतीच्या आत भरलेल्या रिटर्नमध्येच करता येते. मुदत चुकली की नवीच लागू होते आणि परतावा हातचा जातो. ज्याला एरवी रिटर्न भरायची गरज नाही अशा माणसाकडून ही तारीख सहज निसटते.

परदेशी संकेतस्थळावरच्या सोडती

निवासी भारतीयाचं जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र असल्याने परदेशी बक्षीसही दाखवावं लागतं. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे सहभागासाठी परदेशात पैसे पाठवता येत नाहीत. चालू खात्यावरील व्यवहारांच्या २००० सालच्या फेमा (परकीय चलन व्यवस्थापन कायदा) नियमांत लॉटरीची तिकिटं, फुटबॉल पूल आणि स्वीपस्टेक्ससाठी पैसे बाहेर पाठवणं नाव घेऊन निषिद्ध केलं आहे. बक्षीस सोडवण्यासाठी परदेशी खात्यात ‘कर’ भरणंही यामुळे अडचणीत आणतं. अशा वेळी पैसे तर जातातच, वर नियमभंगही पदरी पडतो.

मागच्या वर्षांचं राहिलं असेल तर अद्ययावत विवरणपत्र भरता येतं. मुदत आता संबंधित कर निर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून ४८ महिन्यांची आहे. कर आणि व्याजावर जादा रक्कम लागते: पहिल्या बारा महिन्यांत २५ टक्के, मग ५०, ६० आणि शेवटच्या वर्षात ७०. परतावा मागण्यासाठी मात्र हे विवरणपत्र वापरता येत नाही. आणि एक नोंद: आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे, त्यात टीडीएसच्या तरतुदी कलम ३९३ मध्ये एकत्र आल्या आहेत आणि ‘पूर्व वर्ष’ आणि ‘कर निर्धारण वर्ष’ यांऐवजी ‘कर वर्ष’ हा शब्द आहे. ३१ मार्च २०२६ पर्यंत लागलेल्या बक्षिसांचा हिशेब १९६१ च्या कायद्याप्रमाणेच, वर दिलेल्या जुन्या कलम क्रमांकांनी करायचा.